ऑटोपायलट लावला तरी पहारा हवाच

संपादक महोदय,

हौशी नौकानयनावरच्या लेखांत आणि जाहिरातींत ऑटोपायलट म्हणजे बोटीला मिळालेला जादा चालक, असे चित्र रंगवले जाते. दिशा ठरवायची, बटण दाबायचे आणि निवांत बसायचे. आम्ही बोटी चालवायला शिकवणारी आणि त्यांची यंत्रणा बसवणारी माणसे आहोत आणि या चित्राची आम्हाला खरोखर काळजी वाटते. ऑटोपायलट हे उत्तम यंत्र आहे. लांबच्या पल्ल्यावर तो बहुतेक माणसांपेक्षा सरळ बोट नेतो आणि चालकाचा थकवा वाचवतो. पण त्याच्याकडे सुकाणू देताना नेमके काय दिले आणि काय आपल्याकडेच राहिले, हे ज्याला सांगता येत नाही त्याने ते बटण दाबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या यंत्राचे मुख्य भाग मोजकेच आहेत. दिशा मोजणारे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, हिशेब करणारा छोटा संगणक, सुकाणू प्रत्यक्ष हलवणारा पंप किंवा मोटर, सुकाणू किती अंश वळले हे कळवणारा सेन्सर आणि चाकाजवळचा बटणांचा पडदा. संगणकाला ०७० हा आकडा (उत्तरेपासून ७० अंशांची दिशा) दिला की होकायंत्राचा आकडा त्याच्यापासून जितका ढळेल तितका तो सुकाणू फिरवून परत आणतो. एवढेच त्याचे काम. पुढे जाळी पसरली आहेत, ओंडका तरंगतो आहे, कुणी पोहते आहे, पाणी उथळ होत चालले आहे, यातले काहीही त्याला कळत नाही. शेजारच्या चार्टप्लॉटरवर (समुद्राचा नकाशा आणि आपले स्थान दाखवणाऱ्या पडद्यावर) खडक ठळक दिसत असला तरी पायलट त्या खडकावर तितक्याच सरळ रेषेत बोट नेईल.

समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. त्यांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने सर्व वेळ, डोळ्यांनी आणि कानांनी, शिवाय परिस्थितीला योग्य अशा सर्व साधनांनी पहारा ठेवला पाहिजे. त्यात लांबीची अट नाही, हौशी आणि व्यावसायिक असा भेद नाही आणि ऑटोपायलट चालू असल्यास सूट मिळेल असे कुठेही म्हटलेले नाही. सोलास या समुद्रावरील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातला चोविसावा नियम तर थेट स्वयंचलित सुकाणूबद्दलच आहे. दाट वाहतूक, कमी दृश्यमानता किंवा धोक्याची इतर कोणतीही परिस्थिती असेल तर सुकाणू तत्काळ हाती घेता आले पाहिजे. बराच काळ स्वयंचलित चालवल्यानंतर आणि सावधगिरीच्या पाण्यात शिरण्याआधी हाताचे सुकाणू तपासून पाहिले पाहिजे. प्रशिक्षित अधिकारी असलेल्या जहाजांवर जे बंधन घालावे लागले, ते सात-आठ मीटरच्या बोटीवर दोन माणसे असताना आपण होऊन पाळायला काय हरकत आहे?

वेळेचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. एक नॉट म्हणजे मिनिटाला जवळपास ३१ मीटर. २० नॉटने धावणारी बोट मिनिटाला ६१७ मीटर कापते. फोनवरचा एक संदेश वाचून उत्तर द्यायला अर्धे मिनिट लागते, तेवढ्यात बोट ३०० मीटर पुढे गेलेली असते. अशा दोन बोटी समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातला एक सागरी मैल ९० सेकंदांत संपतो. शिडाच्या बोटीचा वेग कमी म्हणून तिथे धोका कमी, हेही खरे नाही. पाण्यापासून दोन मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे तीन सागरी मैलांवर असते. उंच जहाज स्वच्छ हवेत त्याहून लांबूनही दिसते, पण धुरकट हवेत तीन मैलसुद्धा मिळत नाहीत. तुमचे ६ नॉट आणि त्याचे २० नॉट धरले तर ते तीन मैल ७ मिनिटांत संपतात. दर पंधरा मिनिटांनी एक नजर टाकली की पुरे, हा समज त्यामुळेच घातक आहे. नजर टाकायची तीही चारही बाजूंनी. पाठीमागून येणारी वेगवान बोट आपल्याला टाळेल, नियमाने ते तिचेच काम आहे. पण तिच्यावरही पायलट चालू असेल आणि पुढे कुणी बघत नसेल, तर नियम पाळणार कोण?

इथे ऑटोपायलटचा एक मोठा फायदा आहे, तो फार थोडे लोक घेतात. टकरीचा धोका ओळखायचा तो समोरच्या जहाजाचे बेअरिंग, म्हणजे ते आपल्याला ज्या दिशेला दिसते ती दिशा, बदलते की नाही यावरून. हाताने सुकाणू धरलेले असताना नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पाच-सात अंश इकडेतिकडे होत असते आणि नजरेचा अंदाज फसतो. पायलटवर नाळ स्थिर राहते. मग एकाच जागी बसून समोरचे जहाज कठड्याच्या एखाद्या खांबाशी जुळवून घ्यावे आणि मिनिटभर डोके न हलवता पाहावे. ते खांबाच्या पुढे सरकत गेले तर आपल्या पुढून जाईल, मागे सरकले तर मागून. खांबाला चिकटूनच राहिले आणि मोठे होत गेले तर टक्कर ठरलेली आहे. हातातले बेअरिंग होकायंत्र असेल तर आकडाच लिहून ठेवावा. मात्र जहाज फार मोठे असेल, काही ओढत नेत असेल किंवा अगदी जवळ आले असेल, तर बेअरिंग बदलत असूनही धोका असू शकतो. सातव्या नियमात ही सूचना मुद्दाम घातलेली आहे. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. दोन्ही बोटींवर पायलट असेल तर दोघी आपापली रेषा इतकी काटेकोर धरतात की हाताच्या सुकाणूतला जो थोडासा डगमगलेपणा एखाद्या वेळी वाचवून जातो, तोही उरत नाही.

एआयएस म्हणजे जहाजाची ओळख आणि स्थान रेडिओवरून आपोआप कळवणारी यंत्रणा. तिच्या पडद्यावर कोणी नाही म्हणून समुद्र मोकळा आहे असे समजू नये. आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या ३०० टनांवरच्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना एआयएस सक्तीचे आहे. मासेमारीच्या कितीतरी लहान होड्यांवर, वल्ह्याच्या होड्यांवर, पाण्यावरच्या स्कूटरवर आणि पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या बोटींवर ते नसतेच.

आता मोडविषयी, म्हणजे पायलट चालवण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण बरेच गैरसमज तिथेच आहेत. साध्या ऑटो मोडमध्ये पायलट नाळेची दिशा धरतो, बोटीची वाट धरत नाही. ६ नॉटने जाताना आडवा २ नॉटचा प्रवाह असेल तर नाळ तासभर बरोबर ०७० वर राहील आणि बोट दोन सागरी मैल बाजूला गेलेली असेल. पडद्यावरचा आकडा जराही हललेला नसतो, म्हणूनच शंका येत नाही. ट्रॅक मोडमध्ये पायलट जीपीएसच्या मदतीने नकाशावरच्या रेषेवर राहतो. त्यासाठी त्याच प्रवाहात तो नाळ जवळपास २० अंश प्रवाहाकडे वळवतो आणि बोट खेकड्यासारखी तिरकी चालते. पहारा ठेवणाऱ्याने मग नाळेच्या रोखाने न बघता बोट प्रत्यक्ष जिकडे सरकते आहे तिकडे बघायचे असते. शिडाच्या बोटींवरचा विंड मोड वाऱ्याशी ठरावीक कोन धरतो. वारा ३० अंश फिरला की बोटही ३० अंश फिरते आणि मघाशी मोकळे असलेले पाणी आता किनाऱ्याकडे नेत असते. वारा पाठीमागून असताना या मोडवर फार विसंबू नये. एखाद्या लाटेने नाळ ढकलली आणि पायलटला सावरायला दोन सेकंद उशीर झाला की शीड एका बाजूकडून दुसरीकडे झपाट्याने फिरते आणि त्याच्या दांड्याच्या वाटेत डोके आले तर जीव जातो. दांडा पुढच्या बाजूला दोराने बांधून ठेवल्याशिवाय मागच्या वाऱ्यावर पायलट लावूच नये.

वेपॉइंट, म्हणजे मार्ग आखताना नकाशावर ठेवलेला बिंदू, कधीही बोयावर (पाण्यातल्या तरंगत्या खुणेवर), दीपगृहावर किंवा भूशिराच्या टोकावर ठेवू नये. जीपीएस आता काही मीटरांत अचूक असते, त्यामुळे पायलट बोट खरोखरच त्या बोयावर नेऊन आदळवू शकतो. शिवाय तोच बोया आणखी दहा जणांनी वेपॉइंट म्हणून घेतलेला असतो. पाव सागरी मैल बाजूला, मोकळ्या पाण्याच्या अंगाला बिंदू ठेवावा. वेपॉइंट आला की काही यंत्रे वळण्याआधी मंजुरी मागतात, काही आपोआप वळतात. आपले यंत्र यातले काय करते आणि मार्ग संपला की पुढे काय करते, हे बंदर सोडण्यापूर्वी माहीत हवे. मार्ग आखल्यावर नकाशा पूर्ण मोठा करून तो पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत हाताचे बोट फिरवून पाहावा. इलेक्ट्रॉनिक नकाशा लहान केला की त्यातले बारकावे पडद्यावरून गायब होतात. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली व्हेस्टास विंड ही बोट हिंदी महासागरातल्या कार्गादोस काराजोस प्रवाळखडकांवर चढली ती याच कारणाने. तिथे प्रश्न ऑटोपायलटचा नव्हता. अनुभवी माणसांच्या नजरेतूनही खडक सुटू शकतो, एवढे त्यातून कळते.

जीपीएसवर आंधळा विश्वास टाकल्याचे ठळक उदाहरण रॉयल मॅजेस्टी या प्रवासी जहाजाचे आहे. बर्म्युडाहून बोस्टनला जाताना अँटेनाची केबल निसटली. रिसीव्हरने गुपचूप अंदाजाने स्थान काढायला सुरुवात केली. पडद्यावर त्याची खूण होती, पण ती बारीक अक्षरांत होती आणि कुणी पाहिली नाही. ऑटोपायलट त्या खोट्या स्थानावर विश्वासून दीड दिवसाच्या आसपास जहाज नेत राहिला आणि १० जून १९९५ रोजी जहाज नॅन्टकेट बेटाजवळच्या उथळ वाळूत रुतले, ठरलेल्या मार्गापासून सुमारे १७ मैल दूर. लहान बोटीवर यावर उपाय सोपा आहे. दर अर्ध्या तासाने स्थान आणि वेळ वहीत लिहावी आणि खोलीमापकाचा आकडा नकाशावरच्या खोलीशी, भरती-ओहोटी धरून, ताडून पाहावा. किनारा दिसत असेल तर एका ओळखीच्या खुणेचे बेअरिंग घ्यावे. दोन स्वतंत्र साधने एकच गोष्ट सांगत नसतील तर वेग कमी करून सुकाणू हातात घ्यावे आणि मग शोध घ्यावा.

सुकाणू परत हातात घेणे हा आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. आणीबाणीत माणूस आधी चाक फिरवतो. केबलच्या सुकाणूवर बसवलेल्या पायलटमध्ये क्लच पकडलेला असेल तर चाक जागचे हलतच नाही. बऱ्याच हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणांत चाक फिरते, बोट थोडी वळतेही, पण पायलटला ती चूक वाटते आणि तो सुकाणू परत उलटे फिरवतो. चाक फिरवले की आपोआप सुटणारी यंत्रे आहेत, पण आपले तसे आहे असे गृहीत धरू नये. १८ मार्च १९६७ रोजी टोरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापाशी सेव्हन स्टोन्स खडकांवर चढले. त्या अपघाताची इतरही कारणे होती, पण शेवटच्या क्षणी चाक फिरवूनही जहाज वळले नाही, कारण सुकाणू कशाने चालवायचे ते निवडण्याची कळ ‘चाक’ या जागी नव्हती. ते लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता.

म्हणून बोटीवर जो कोणी चढेल, त्यातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला निघण्यापूर्वी तीन गोष्टी दाखवाव्यात: पायलट सोडून सुकाणू हाती देणारे स्टँडबायचे बटण, ते चालले नाही तर क्लच सोडण्याची तरफ आणि तीही अडली तर ऑटोपायलटचा वीजपुरवठा तोडणारा ब्रेकर. टिलर पायलट (चाकाऐवजी सुकाणूच्या दांड्याला, म्हणजे टिलरला, जोडलेला) असेल तर त्याचा दांडा खुंटीवरून उचलला की काम झाले. नुसते दाखवून भागत नाही. मोकळ्या पाण्यात कमी वेगावर प्रत्येकाकडून बटण दाबून, चाक घेऊन, उजवीकडे वळून परत येण्याचा सराव करून घ्यावा. त्यात एक बारकावा आहे. पायलट सुटतो तेव्हा सुकाणू ज्या कोनात होते तिथेच राहते. शिडाची बोट वाऱ्याकडे ओढत असेल आणि पायलटने ती सात-आठ अंश सुकाणू देऊन धरून ठेवली असेल, तर बटण दाबताच धक्का बसतो. आधी चाक पकडावे, मगच बटण दाबावे. बटणांचा पडदा केबिनमध्ये असेल तर चाकाजवळ दुसरा बसवावा. चाकापासून उठून जाऊन बटण शोधायची वेळ येता कामा नये. बिनतारी रिमोट सोयीचा असतो, पण खिशात दबून दिशा बदलू शकतो, म्हणून तो दोरीने गळ्यात ठेवावा आणि वापरात नसताना कुलूप मोडवर टाकावा.

लावतानाची रीतही अशीच. आधी हाताने बोट हव्या दिशेला स्थिर करावी, सुकाणू मध्यावर आणावे, वेग ठरवावा, सभोवार पाहावे आणि मग ऑटो दाबावे. त्यानंतर पडद्यावर कोणता मोड उमटला आणि कोणता आकडा धरला हे वाचावे. मिनिटभर हात चाकाजवळच असू द्यावा. वेगवान बोटीवर दहा अंशांचे बटण भराभर चार-पाच वेळा दाबू नये. २५ नॉटला पायलट ते वळण इतक्या जोरात घेतो की उभी माणसे फेकली जातात.

बसवण्यातल्या चुकांमुळे होणारा त्रास वापरातल्या चुकांइतकाच मोठा आहे. होकायंत्राचा सेन्सर बोटीच्या मध्यरेषेजवळ, खालच्या बाजूला, जिथे डोलणे कमी तिथे हवा. लोखंड, लाउडस्पीकर, पंपाच्या मोटरी आणि जाड वीजवाहिन्या यांपासून तो किमान एक मीटर दूर असावा. नंतर ज्या कप्प्यात तो आहे त्यात कुणीतरी हत्यारांची पेटी किंवा डबाबंद सामान ठेवते आणि बोट एका दिशेला नीट, दुसऱ्या दिशेला वाकडी चालू लागते. त्या कप्प्यावर सूचना चिकटवून ठेवावी. चुंबक असलेले फोनचे कव्हर हाही अलीकडचा उपद्रव आहे. जवळून जाणाऱ्या एकदिश वीजप्रवाहाच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन ओढल्या तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे बरीचशी एकमेकांना मारतात. सेन्सर बसवल्यावर आणि दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला, शांत पाण्यात अगदी सावकाश गोल फेऱ्या मारून त्याचे कॅलिब्रेशन (चूक मोजून दुरुस्ती) करावे. एक फेरी दोन मिनिटांपेक्षा झटपट नको. शेवटी यंत्र विचलनाचा, म्हणजे बोटीवरच्या चुंबकत्वाने होकायंत्र किती ढळते त्याचा, आकडा दाखवते. तो १५ अंशांच्या पुढे गेला तर यंत्राने दुरुस्ती केली म्हणून समाधान न मानता सेन्सरची जागाच बदलावी.

विजेकडे फार दुर्लक्ष होते. मोटर जोर लावते तेव्हा वीज जास्त ओढते आणि तार बारीक असेल तर नेमक्या त्याच क्षणी विजेचा दाब (व्होल्टेज) घसरतो. संगणक पुन्हा सुरू होतो किंवा स्टँडबायला जातो, म्हणजे मोठ्या लाटेत, जेव्हा गरज जास्त तेव्हाच, बोट मोकळी सुटते. तारेची जाडी जाण्या-येण्याची एकूण लांबी धरून, दाबातली घट तीन टक्क्यांच्या आत राहील अशी निवडावी. नांगर उचलायचे यंत्र किंवा इंजिनाचा स्टार्टर चालवताना पायलट सुटतो का, हे धक्क्याला बांधलेले असतानाच करून पाहावे. शिडाच्या बोटीवर सरासरी ३ अँपिअर धरले तरी चोवीस तासांत ७२ अँपिअर-तास लागतात. बॅटरीचा हिशेब त्यावर करावा.

हायड्रॉलिक पंप सिलिंडरच्या मापाचा हवा. १५० घनसेंटिमीटरच्या सिलिंडरला मिनिटाला एक लिटर देणारा पंप सुकाणू एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नऊ सेकंदांत नेतो, आणि बहुतेक बोटींना ते मानवते. पंप लहान असेल तर बोट लाटेमागे धावत राहते. तेलात हवा शिरली तर सुकाणू स्पंजसारखे लागते आणि पायलट सारखा डावे-उजवे करत राहतो. तेव्हा आधी तेलाची पातळी आणि गळती पाहून हवा काढावी, सेटिंगला हात नंतर लावावा. सुकाणूचा कोन सांगणाऱ्या सेन्सरचा सांधा ढिला झाला तरी हेच लक्षण दिसते. यांत्रिक ड्राइव्हचे (सुकाणू ढकलणाऱ्या यंत्राचे) बोल्ट नेहमी घट्ट हवेत आणि तो बोटीच्या भक्कम सांगाड्यावर बसलेला हवा, कारण त्यावर शेकडो किलोंचा जोर येतो. सुकाणूला अडवणारा थांबा वेगळा असावा. पायलटने त्याच्या काही अंश आधीच थांबावे असे ठरवून द्यावे. पायलट चालू असताना सुकाणूच्या यंत्रणेच्या कप्प्यात हात घालू नये. तिथे बोटे तुटतात. आत उतरायचे तर आधी ब्रेकर बंद.

सेटिंग समजून घ्यायला १९२२ साली निकोलाय मिनोर्स्की या अभियंत्याने मांडलेली गोष्ट अजून उपयोगी पडते. चांगला सुकाणूवाला नुसते चूक किती आहे एवढेच बघत नाही. ती किती वेगाने वाढते आहे आणि किती वेळ टिकून आहे हेही तो मनात धरतो. आजच्या पायलटमध्ये याच तीन गोष्टींना वेगवेगळी नावे आहेत. प्रतिसाद वाढवला तर सुकाणू जास्त वळते. तो फार वाढवला की बोट रेषेभोवती सापासारखी चालते. काउंटर रडर वळणाचा वेग बघून आधीच उलटे सुकाणू देते; ते कमी असेल तर बोट वळण ओलांडून जाते. ऑटोट्रिम वाऱ्याचा किंवा एका इंजिनाचा टिकून राहणारा ओढा हळूहळू भरून काढते. एका वेळी एकच आकडा, एकेक पायरीने बदलावा आणि पाच मिनिटे पाहावे. आणि सरासरी सुकाणू पाच-सात अंशांपेक्षा जास्त वळलेले दिसत असेल तर सेटिंगशी खेळत बसू नये. शीड कमी करावे, ट्रिम टॅब (मोटरबोटीच्या पिछाडीला तोल साधणाऱ्या पट्ट्या) नीट करावेत. बोटच तोलात नसेल तर कुठलेही यंत्र तिला सरळ नेणार नाही.

काही ठिकाणी पायलट बंदच हवा. बंदर, अरुंद मार्ग, नांगरलेल्या बोटींची गर्दी, जाळी, पोहणारे आणि पाणबुडे यांच्या जवळ, तसेच दुसरी बोट ओढताना. खाडीच्या तोंडावर किंवा मागून येणाऱ्या उंच लाटांत तर नक्कीच, कारण लाट पिछाडी उचलते तेव्हा माणूस ती येताना पाहून आधीच सुकाणू देतो. पायलटला ती नाळ फिरू लागल्यावरच कळते आणि तोवर बोट आडवी झालेली असते. लोखंडी पुलाखालून जाताना होकायंत्र भरकटते, जीपीएसही क्षणभर जाते आणि बोट खांबाकडे वळू शकते. अगदी कमी वेगात सुकाणूला पाण्याची पकड नसते, तेव्हाही तो निरुपयोगी.

आणखी एक धोका शांत दिवशीच जास्त असतो. चालक एकटा असून पाण्यात पडला तर बोट थांबत नाही. ६ नॉटला अर्ध्या मिनिटात ती ९० मीटरच्या पुढे गेलेली असते आणि पायलट तिला तशीच सरळ नेत राहतो. मोटरबोटीवर माणूस पडताच इंजिन बंद करणारी दोरी किंवा तेच काम करणारे बिनतारी साधन अंगावर असलेच पाहिजे. शिडाच्या बोटीवर मात्र इंजिन बंद पडल्याने काही होत नाही, म्हणून एकट्याने किंवा रात्री डेकवर जाताना हार्नेस (अंगावरचा सुरक्षा पट्टा) अडकवावा आणि तो अडकवायची पट्टी अशी बांधावी की माणूस कठड्याबाहेर लोंबकळणार नाही. दोघे असतील तर दुसऱ्याला स्टँडबाय दाबून बोट परत फिरवता आली पाहिजे. जीवरक्षक जॅकेट कप्प्यात ठेवून उपयोग नाही.

रात्री किंवा लांबच्या पल्ल्यावर गजर लावावा. मोठ्या जहाजांच्या चालककक्षातला पहारेकऱ्याला जागा ठेवणारा गजर ३ ते १२ मिनिटांच्या अंतराने वाजतो. छोट्या बोटीवर साध्या घड्याळाचा गजर त्याच मापात ठेवावा. दिशा ढळल्याचा, उथळ पाण्याचा आणि एआयएसवर जवळ येणाऱ्या जहाजाचा, हे तिन्ही गजर चालू हवेत आणि डेकवर इंजिनाच्या आवाजात ऐकू येतील एवढे मोठे हवेत. पायलट स्टँडबायला गेल्याचा गजर बारीक पिपाणीसारखा असेल तर बाहेर मोठा बझर जोडून घ्यावा.

आमची विनंती बोटी विकणाऱ्यांना आणि यंत्रणा बसवणाऱ्यांना आहे, आणि आपल्या स्तंभातून ती त्यांच्यापर्यंत पोहोचावी असे वाटते. ऑटोपायलट बसवून, धक्क्यावर पडदा उजळून दाखवून ग्राहकाच्या हाती किल्ली देऊ नये. समुद्रावर नेऊन कॅलिब्रेशन करावे, विचलनाचा आकडा वहीत लिहून द्यावा, कमी आणि जास्त अशा दोन्ही वेगांत सेटिंग लावून द्यावे आणि ग्राहकाने स्वतः दहा वेळा स्टँडबाय दाबून सुकाणू घेतल्यावरच बोट ताब्यात द्यावी. चाकाजवळ एक छोटे पत्रक चिकटवावे. त्यावर स्टँडबाय, क्लच आणि ब्रेकर कुठे आहेत, सेन्सरच्या कप्प्यात काय ठेवू नये आणि हाताने चालवायचा आणीबाणीचा टिलर कुठल्या फळीखाली आहे, एवढे लिहिलेले असावे. तो टिलर त्या दिवशी एकदा प्रत्यक्ष बसवून पाहावा. कारखान्यातून आलेला दांडा नंतर बसवलेल्या ड्राइव्हला अडतो, असे बऱ्याचदा आढळते.

आपले,
नौकानयन शिकवणारे आणि बोटींची यंत्रणा बसवणारे काही वाचक